घाटातला पाऊस

रतन रोकडेबद्दल लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. विषय निघाला की त्याचे गमतीदार किस्से सांगायचो आणि शेवटच्या किश्श्याआधी काहीतरी निमित्त काढून उठायचो. आता गुडघे उठू देत नाहीत.

कर्जत तालुक्यातल्या एका लहानशा टेलिफोन एक्सचेंजचा मी प्रमुख होतो आणि रोकडे ऑपरेटर. फोन लागला नाही तर गिऱ्हाइकाला काय सांगायचं, याची ठरावीक वाक्यं नियमात छापलेली होती. ‘लाईन मिळत नाही.’ ‘उत्तर नाही.’ ‘पलीकडचा माणूस बोलायला तयार नाही.’ रोकडेने ती कधी उच्चारली नाहीत. “साहेब, लागलेला फोन सगळ्यांना सारखाच,” तो म्हणायचा. “न लागलेला ज्याचा त्याचा.”

भाताच्या व्यापाऱ्याला तो सांगायचा की शेठ, घंटी वाजते हाय, तुमी जेवून घ्या. माथेरानच्या हॉटेलवाल्याला पाल्हाळ चालत नसे. त्याला फक्त “अर्धा तास”. खालापूरच्या कचेरीतले हेडक्लार्क उगाच आरडाओरडा करत, म्हणून त्यांना कुठल्या खांबावर कुठलं झाड पडलं, ते आंब्याचं की सागाचं, हे इतकं सविस्तर ऐकवायचा की ते वैतागून स्वतःच फोन ठेवत. कुणाला काय सांगायचं याची त्याने एक वही केली होती. मला ती बघू देत नसे. तो एकटाच राहायचा. त्याला स्वतःला कधी कुणाचा फोन आलेला मला आठवत नाही.

दर रविवारी कळंबहून एक म्हातारी यायची. सगळे तिला आक्का म्हणत. मुलगा मुंबईत एका दुकानात कामाला होता. ती बाकावर बसायची, रोकडे दुकानाचा फोन लावायचा, आणि मुलगा पलीकडून सांगायचा, मी नाही म्हणून सांगा. मग रोकडे काचेआडून म्हणायचा, “आक्के, घाटात पाऊस हाय. तारा भिजल्यात.”

“चैतात रं?”

“घाटातल्या पावसाला काय महिना?”

“लय लांबला औंदा,” असं म्हणत आक्का पदरातली करवंदं नाहीतर शेंगा त्याच्यापुढे ठेवून निघायची. असं दोन वर्षं चाललं. मला वाटायचं, ती भोळी आहे.

मग वरून तपासणी होणार असल्याचं पत्र आलं. माझी बढती अडकलेली होती. मी रोकडेला सक्त ताकीद दिली की यापुढे फक्त छापील वाक्यं. तो “हो साहेब” म्हणाला. रविवारी तपासणीला आलेले साहेब माझ्या खुर्चीवर बसलेले असतानाच आक्का आली. रोकडेने फोन लावला, ऐकला, आणि तोंड उघडेना. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी रोकडेला बाजूला सारलं आणि खिडकीतून म्हणालो, “पलीकडचा माणूस बोलायला तयार नाही.”

आक्काने विचारलं, “आज, का रोजचाच?”

“रोजचाच.”

ती म्हणाली, “मला ठावं हाय, बाबा. पन हा चांगलं सांगायचा.” करवंदांचा द्रोण खिडकीत ठेवून ती गेली. पुन्हा कधी आली नाही.

रोकडेविरुद्धचा अहवाल मीच लिहिला. त्याची बदली समुद्राकडच्या एका एक्सचेंजात झाली. मला बढती मिळाली. त्याचा खण रिकामा करताना वही सापडली. नावांपुढे सूचना होत्या. आक्कापुढे एकच शब्द, ‘पाऊस’. शेवटच्या पानावर मी होतो. ‘साहेब. चूक तोंडावर सांगू नये. आधी चहा द्यावा. वाईट नाहीत, घाबरट हायेत.’

तीन वर्षांनी, भर वैशाखात, दुपारी मी रोकडेच्या त्या एक्सचेंजला फोन लावला. म्हणायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, एकच ओळ. पलीकडे तोच आवाज आला. कागद समोर असून मला वाचता येईना. खोकलो. फोन ठेवायचाही धीर होईना.

खोकला त्याने ओळखला असणार. म्हणाला, “साहेब, तुमचा आवाज येत नाय हाय. घाटात पाऊस असंल. ऱ्हाऊ द्या आता, सावकाश बोलू.”

बाहेर डांबर वितळत होतं. मी “हो” म्हणालो आणि फोन ठेवला. रोकडे पुढच्याच वर्षी गेला. तो कागद त्याच्याच वहीत ठेवला आहे, माझ्या नावाच्या पानाशी.