कोण नाही जेवून राह्यलं?

मी भित्रा माणूस नाही! वर्ध्याच्या एका जिनिंगमध्ये मी कारकून. कापसाच्या गंजीतून धामण निघाली तेव्हा हमालांनी दाराकडे धूम ठोकली, अन् मी तिला शेपटीला धरून कुंपणापलीकडे सोडून आलो. तेव्हा पंचावन्न साली मुलगी पाहायला रोहण्याला जायचं ठरलं, तर मला कसली आली धडधड!

बंडूजीमामा मात्र बैलबंडीत बसल्यापासून शिकवत होते. "कवडू, ताटावर तुटून नको पडजो. दोन घास खाऊन पुरे म्हणजो. नाईतर म्हणतील, पोरगा खादाड हाय."

"मामाजी, मी काय लहान हाय?"

इथं थोडं मागं जावं लागतं. लहानपणी अल्लीपूरला मी जेवायला मायला फार छळायचो. म्हणून तिनं पोतडीबुवा तयार केला. एक डोळा पांढरा, खांद्यावर पोतडी, काठीला घुंगरू. भर दुपारी तो दारोदार फिरतो, "कोण नाही जेवून राह्यलं?" असं विचारतो आणि न जेवणाऱ्या पोराला पोतडीत कोंबतो. माय नुसती काठी आपटायची, की मी डोळे मिटून भाकर गिळायचो. असा बुवा जगात नसतो, हे मला मिसरूड फुटायच्या आधीच कळलं होतं. म्हणजे डोक्याला कळलं होतं. हातापायांना कोणी कळवलंच नव्हतं!

रोहण्याला स्वागत झकास झालं. मुलीचे वडील महादेवराव शेतातून यायचे होते. "येतीलच ते. तुम्ही सुरू करा जी," म्हणत मुलीच्या आईनं, आनंदाबाईंनी, ताटं वाढली. पुरणपोळी, वांग्याची भाजी, कढी, भजी. मुलगी सुंदरा दाराआडून बघत होती. मी ठरल्याप्रमाणे दोन घास खाल्ले आणि मोठ्या रुबाबात ताटावर हात आडवा धरला.

"बस जी. मी जास्त जेवतच नाही."

तेवढ्यात अंगणात घुंगरू वाजले. छुम्. छुम्.

दारात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. एक डोळा पांढराफटक. खांद्यावर पोतडी. हातात घुंगरांची काठी. ती उंबऱ्यावर आपटून त्यानं गरजून विचारलं, "कोण नाही जेवून राह्यलं?"

काय सांगू तुम्हाला! माझा हात माझा राहिला नाही. अख्खी पुरणपोळी एका घासात आत! मागोमाग भाजी, मागोमाग भजी!

"वा जी, वा!" तो माणूस खूश झाला आणि पोतडी शेजारी ठेवून माझ्या पुढ्यातच बसला. "आणा वं, आनखी आणा!"

हे महादेवराव, हे मला समजत होतं. पण मी जरा थांबलो की तो पांढरा डोळा माझ्याकडे वळायचा. "काऊन थांबले जी?" काठी हलायची, छुम्! की मी पुन्हा सुरू, दळण घातलेल्या चक्कीसारखा! मामांनी मांडीला चिमटे घेतले. मी त्यांच्याच ताटातलं भजं उचललं. पोळ्या संपल्या. आनंदाबाई शेजारणीकडे धावल्या. कढीचं पातेलं माझ्यासमोर तिरपं झालं.

आणि पोतडी हलली!

आतून बारीक, रडका आवाज आला. महादेवरावांनी पोतडीचं तोंड सोडायला हात घातला, अन् मी भरल्या तोंडानं पाटावर उभा राहून बोंबललो, "माय वं! जेवलो! सगळं जेवलो! मले नको भरू त्याच्यात!"

पोतडीतून एका आजारी करडानं मान बाहेर काढली, माझ्याकडे पाहिलं आणि "मेंऽ" केलं.

मग सांगावंच लागलं सगळं. अडखळत, खालमानेनं. दाराआड कोणीतरी पदर तोंडात कोंबून खिदळत होतं. महादेवराव मात्र हसले नाहीत. हळूच म्हणाले, "बाभळीचा काटा लागलता जी डोळ्याले. काठीचे घुंगरू सापासाठी. लहान पोरं भितात मले, त्याची सवय हाय. इतका मोठा माणूस पह्यलाच."

असं म्हणून त्यांनी काठी बाहेर नेऊन ठेवली आणि तो डोळा मला दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड वळवून बसले. स्वतःच्या घरात! जमीन फाटती तर मी आनंदानं आत गेलो असतो. न राहवून पुढे झालो आणि त्यांच्या पाया पडायला वाकलो. वाकताना भलामोठा ढेकर आला.

परतताना मामा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात मला मुलगी मिळणार नाही, एवढंच बोलले.

पण पुढच्याच आठवड्यात महादेवराव जिनिंगच्या दारात हजर! मी भिऊ नये म्हणून त्यांनी त्या डोळ्यावरून दुपट्टा बांधला होता. मला मान वर करवेना.

"पोरगी हो म्हणते जी."

"मले? काऊन?"

ते आजूबाजूला बघून कानाशी आले. "त्या दिवशीचा सैपाक तिचाच होता. भाजीत मीठ दोनदा पडलं, कढी फाटली. याच्या आधीचे पाहुणे एका घासात हात धुऊन गेलते. तुम्ही पातेलं रिकामं केलं! ती म्हणते, असा माणूस पुन्हा नाई भेटणार."

खरं सांगतो, मीठ जास्त होतं हे मला त्या दिवशी कळलंच नव्हतं. लग्न झाल्यापासून मात्र दोन्ही वेळच्या जेवणात कळतं.