शांत बसलेल्या रांगेविरुद्ध तक्रार

कैवल्यची नोकरी गेली. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण दुबईच्या करामा भागात राहणाऱ्या त्याच्या आईनेही तसंच समजायचं ठरवलंय. रोज सकाळी ती त्याचा युनिफॉर्म इस्त्री करून दारामागे अडकवते.

तर, कैवल्यची नोकरी शाबूत आहे आणि आज ती कायम होणार आहे. स्टेडियममध्ये गर्दी सांभाळणारी एक खाजगी कंपनी, प्रोबेशनची शेवटची मॅच. मॅच संपली की सुपरवायझर खैरुद्दीनचाचांनी सही करायची. सही झाली तर व्हिसा, नाही झाली तर सांगलीला मामाकडे. कैवल्य दुबईतच जन्मलेला. सांगली त्याला फक्त मे महिन्यात पोट बिघडण्याचं ठिकाण म्हणून माहीत होती.

काम अवघड नव्हतं. एका जाळीपाशी उभं राहायचं. जाळीच्या डावीकडे बिअरची परवानगी असलेला कोपरा, उजवीकडे फॅमिली स्टँड. डावीकडचा माणूस ग्लास घेऊन उजवीकडे येता कामा नये, बस. या कामाला लोखंडी खांबही चालला असता, पण खांबाला वॉकीटॉकीवर बोलता येत नाही. पुढे जे झालं ते पाहता हा खांबाचा मोठाच गुण म्हणायला हवा.

कैवल्यकडे वॉकीटॉकी होता, आणि एक सिद्धांतही होता. युरोपात म्हणे मॅचला पोलीस गांजावाल्यांकडे बघतसुद्धा नाहीत. दारूवाला भांडतो, गांजावाला नुसता बसून हसतो. हे त्याने एका व्हिडिओत पाहिलं होतं आणि दुपारी चाचांना ऐकवलं होतं. चाचा मूळचे रत्नागिरीचे, वीस वर्षं आखातात.

"बाबा रे," चाचा म्हणाले, "इकडे तो शब्द मनातसुद्धा हळू बोल."

इकडचा हिशोब उलटा होता. जाळीपलीकडे एकजण आपणच कॅप्टन असल्याचं जाहीर करत होता, दुसरा अंपायरच्या सात पिढ्यांची विचारपूस करत होता. ड्युटीवरची पोलीस सार्जंट सफा त्यांच्याकडे शेजारच्या द्वाड मुलांकडे बघावं तशी बघत होती. कुणी फारच पुढे आलं तर बोटाने जाळी दाखवायची, की तो मागे जायचा.

आणि मग कैवल्यला फॅमिली स्टँडमधली ती रांग दिसली. सहा मराठी माणसं, सगळी पन्नाशीची. सिक्स गेला, अख्खं स्टेडियम उभं राहिलं, ही सहा जणं बसूनच. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. टोकाचे काका हसत होते, पण बॉलकडे बघून नाही. दिव्याच्या खांबाकडे बघून.

कैवल्यने वॉकीटॉकी तोंडाला लावला. "चाचा, सातवी रांग. फारच शांत आहेत."

"मग चांगलंय की."

"चांगलं नाही, चाचा. माझ्या थिअरीप्रमाणे ही हशीश आहे."

हे वाक्य सगळ्या चॅनेलवर गेलं. मॉलमधली वीज एकदम जावी तसं सफाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. आतापर्यंत मजेत चाललेलं सगळं संपलं. गेट बंद झालं, कुत्रा आला. कैवल्यही जाळी सोडून मागोमाग धावला, कारण शोध त्याचा होता.

कुत्र्याने सहा जणांना हुंगलं आणि एका स्टीलच्या डब्यासमोर येऊन तो बसला. कुत्रा बसला म्हणजे माल सापडला. कैवल्यला सही दिसू लागली, निळ्या शाईत.

सफाचं हिंदी टीव्हीवरच्या मालिकांतून आलेलं. तिने टोकाच्या काकांना विचारलं, "कितना लिया?"

काकांचं नाव अरुण, राहणार डिस्कव्हरी गार्डन्स. त्यांनी सावकाश डोळे उघडले. "चार. चार पे मैं रुक रहा था. पाँचवा इसने जबरदस्ती डाला."

"किसने?"

काकांनी बायकोकडे बोट दाखवलं. अर्चनाताईंनी ते अभिमानाने मान्य केलं. त्या सगळ्यांनाच जबरदस्ती करतात. कुणी नको म्हटलं की दोन टाकतात.

सफाने हे लिहून घेतलं. मग, आत काय आहे, असं विचारलं. अर्चनाताई म्हणाल्या की खरी झोप जायफळाने येते आणि बाकीचं काम तूप करतं. तेवढ्यात धापा टाकत चाचा पोचले. त्यांनी डबा उघडला, वास घेतला आणि कैवल्यकडे पाहिलं.

"पुरणपोळी आहे. तू नक्की मराठीच ना रे?"

होळीनिमित्त मराठी मंडळाचं स्नेहभोजन होतं. तिथून ही मंडळी थेट मॅचला आली होती. कैवल्यलाही बोलावणं होतं, पण त्याने तीन वर्षांपासून कार्ब्स सोडले होते. पुरणपोळी जेवलेला माणूस कसा दिसतो हे तो विसरून गेला होता.

सफाने वही मिटली, पण अर्चनाताईंनी तिला सोडलं नाही. पोरगी केवढी वाळलीये, म्हणाल्या. सफा तीनदा नाही म्हणाली. चौथ्यांदा डब्याच्या झाकणावर पोळी आली, वर तूप आलं, मग दुसरी पोळी आली. सफा खुर्चीवर टेकली. कुत्रा आधीच आडवा झाला होता.

इकडे जाळीपाशी कुणीच नव्हतं. स्वयंघोषित कॅप्टन जाळी चढून आला, मैदानात शिरला, बॉलरला मिठी मारून आला आणि विजयी मुद्रेने सातव्या रांगेपर्यंत पोचला. सफाने पापण्या किंचित वर केल्या.

"खलास, हबीबी," ती मायेने म्हणाली. "बैठ जाओ."

तो बसला. अर्चनाताईंनी त्याला पोळी दिली. दुसऱ्या पोळीनंतर त्याने कॅप्टनपदाचा राजीनामा दिला आणि अरुणकाकांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला.

चाचांनी सही केली नाही. जाळी सोडणाऱ्याला कायम करता येत नाही, म्हणाले, खांब असता तर केलं असतं. कैवल्यने दुसऱ्याच दिवशी कंपनीला अर्ज पाठवला. तो असा:

"महोदय, सदर प्रसंगी एकूण आठ व्यक्ती व एक श्वान पूर्णपणे शांत झाल्याचे आपल्या कॅमेऱ्यात नोंदलेले आहे. म्हणजे माझा सिद्धांत बरोबर असून केवळ पदार्थ चुकला होता. तरी यापुढे प्रत्येक प्रेक्षकास प्रवेशद्वारावरच दोन पुरणपोळ्या तुपासह सक्तीच्या कराव्यात, आणि 'नको' म्हणणाऱ्यास तिसरी वाढण्यासाठी आग्रह अधिकारी हे पद निर्माण करून त्यावर माझी कायमस्वरूपी नेमणूक व्हावी, ही नम्र विनंती. युनिफॉर्म इस्त्री करून तयार आहे."