चिकट तांदळाचे अपहरण

हेमचंद्र कानडे हे स्वतःच्या मते नेदरलँड्समधील सर्वश्रेष्ठ मराठी गुप्तहेर होते; आणि उमेदवार एकच असला की पहिला क्रमांक चुकत नाही, हे त्यांच्या सहायकाने, आशुतोषने, कधी बोलून दाखवले नव्हते. आठवड्याचे पाच दिवस हेमचंद्र सॉफ्टवेअरमधील चुका शोधत, शनिवारी शेजाऱ्यांच्या. अबोल आशुतोषला न्यूनेन या छोट्या डच गावातले शनिवार फार रिकामे वाटत. त्या रिकामेपणापेक्षा हेमचंद्रांची बडबड बरी, एवढ्याच कारणाने तो हेरगिरीत पडला होता.

त्या सकाळी शेजारच्या मंजूषाने दोघांना बोलावले. घरून खाद्यपदार्थ करून देण्याच्या तिच्या व्यवसायाला पहिली मोठी ऑर्डर मिळाली होती. मागच्या गल्लीतल्या थाई सोमजाईबाईंच्या संध्याकाळच्या समारंभासाठी तीस जणांना आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात हवा होता. त्याचा खास तांदूळ तिने रात्रभर भिजवला. ती आंबे आणायला गेली आणि दीड तासाने परतली, तर तांदूळ गायब!

"ही ऑर्डर बुडाली तर पुन्हा कोण विचारणार मला, हेमचंद्रदादा?" मंजूषा म्हणाली.

"घाबरू नका, वहिनी. घरात कोण होतं?"

"फक्त सासूबाई. महिन्यापूर्वीच पुण्याहून आल्यात."

"ज्येष्ठ नागरिक संशयातीत असतात," हेमचंद्रांनी निकाल दिला.

संशयातीत जयंतीबाईंनी त्यांच्यापुढे गरम घावन वाढले. "आधी खाऊन घ्या. इकडचा तवा मेला फार चिकट, नीट सुटतच नाही."

खाता खाता हेमचंद्रांनी कालव्याकाठी उभ्या असलेल्या बगळ्याकडे बोट रोखले. "खिडकी उघडी. तो तिथे स्थितप्रज्ञ. पोट भरल्याशिवाय इतकी शांती येत नाही!"

"पण तांदळाचं पातेलं घासून पालथं घातलंय," आशुतोष हळूच म्हणाला. "बगळा भांडी घासेल?"

"डच बगळा आहे. शिस्तीचा!" हेमचंद्रांनी दुसरे घावन ओढले. "किंवा एखादा प्रतिस्पर्धी केटरर. अगदी आंतरराष्ट्रीय टोळीसुद्धा."

तिसऱ्या घावनाला टोळीत सात जण झाले, तेवढ्यात नारळाच्या दुधाचे डबे घेऊन सोमजाईबाई आल्या. हेमचंद्रांच्या ताटातल्या घावनाचा तुकडा त्यांनी उचलला. तो तुटेना, लांबतच गेला.

"हा तर आमचा चिकट तांदूळ!" त्या इंग्रजीत म्हणाल्या.

हेमचंद्रांनी पुरावा गिळला.

"अगं, रात्री तांदूळ भिजवले म्हणजे सकाळी वाटायचे," जयंतीबाई निरागसपणे म्हणाल्या. "त्यात विचारायचं काय? तू बाहेर गेलीस, म्हटलं तेवढीच मदत. फ्रिजमध्ये दुसरं पातेलंभर पीठ पडलंय अजून."

मंजूषाने घड्याळ पाहिले. नवा तांदूळ भिजवायला आता वेळ नव्हता. पण सोमजाईबाईंचे लक्ष भिंतीवर टांगलेल्या आप्पेपात्राकडे गेले होते. "हे तुमच्याकडेही असतं? आम्ही यात खनोम क्रोक नावाचे गोड गोळे करतो. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, थोडी साखर. या चिकट पिठात साधं तांदळाचं पीठ मिसळा, होऊन जाईल."

संध्याकाळी तीस पाहुण्यांनी आंब्याच्या फोडींबरोबर सगळे गोळे संपवले. सोमजाईबाईंनी पुढच्या महिन्याची साठ जणांची ऑर्डर दिली. अट एकच, पीठ आजींनीच वाटायचे.

"पण माझं तिकीट तर येत्या गुरुवारचं आहे," जयंतीबाई म्हणाल्या.

महिनाभर कॅलेंडरवर दिवस खोडत त्या गुरुवारची वाट पाहणाऱ्या मंजूषाने साठ जणांचा हिशेब मनात केला. मग म्हणाली, "पुढे ढकलू या ना, आई."

हेमचंद्रांनी वहीत गंभीरपणे नोंद केली: 'प्रकरण मी उलगडले. मुख्य आरोपीचा मुक्काम वाढवण्यात आला आहे, फिर्यादीच्याच विनंतीवरून.'