खर्ड्याच्या लढाईतले बैल

जेवणाच्या टेबलावर वरणाचे डाग पडतात म्हणून नेमसिंग राठोडांनी खर्ड्याची लढाई उचलली आणि अंगणाकडच्या खोलीत खिडकीखालच्या छोट्या टेबलावर नेऊन मांडली. पुढचा सगळा घोटाळा एवढ्याशा निर्णयातून झाला.

ही लढाई पुठ्ठ्याची होती. षटकोनी घरांचा भला मोठा नकाशा, त्यावर दोनशे चौदा सोंगट्या: घोडदळ, तोफा, पायदळ आणि फौजेचं धान्य वाहणारे बैल. कळंबला राहणारे इतिहासाचे निवृत्त मास्तर विठ्ठलराव यांच्याकडेही असाच पट होता. रोज संध्याकाळी नेमसिंग आपली चाल खेळून फोटो पाठवत, विठ्ठलराव फोनवर आपली चाल सांगत. मराठ्यांची बाजू मास्तरांनी पहिल्याच दिवशी घेऊन टाकली होती, त्यामुळे निजाम नेमसिंगांच्या वाट्याला आला. अकरा वेळा निजाम हरला होता. (नियमांच्या पुस्तकाची अडतीस पानं इंग्रजीत होती. नेमसिंगांनी त्यांतली चित्रं बारकाईने पाहिली होती.)

मे महिना होता. पुसदमध्ये दुपारी बारानंतर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. नेमसिंग पाटबंधारे खात्यात कारकून. जेवायला घरी आले आणि सहज पटाकडे नजर गेली, तर बैलांच्या तीन सोंगट्या वाटेवरून उठून नदीकाठी गेलेल्या.

वाऱ्याने हलल्या असतील, म्हणून त्यांनी परत जागेवर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी कूलर बंद होता, पंखा बंद होता. बैल पुन्हा नदीकाठी. एका ओळीत, एकामागे एक, तोंडं पाण्याकडे.

"उज्ज्वला, पटाले हात लावला का तू?"

"मले धुणंभांडी पुरते. तुमच्या निजामाचे बैल कायले चारू मी?" बायको म्हणाली.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई, मानीबाई. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तांड्यावरून आलेल्या. काळा चष्मा लावून आतल्या खोलीत पडून असत. बाई जुन्या वळणाच्या. जावई दिसला की ओढणी हनुवटीपर्यंत ओढायच्या. बावीस वर्षांत जावयाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता.

तिसऱ्या दिवशी नेमसिंग दाराशी आले आणि थबकले. बंद खोलीतून आवाज येत होता. चक्... चक्... जनावराला हाकताना माणूस जिभेने करतो तसा. त्यांनी दार ढकललं. आत कुणी नव्हतं. खिडकीचा पडदा तेवढा किंचित हलत होता आणि बैल दोन घरं पुढे गेले होते.

त्या संध्याकाळी त्यांनी बैलांना हात न लावता, होते तसाच फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"काय बे नेमसिंग, अक्कल आली का तुले? रसद बरोबर पाण्यावर आणली! आता माह्या घोडदळानं काय करावं?"

इथे नेमसिंगांच्या मनात भीती आणि लोभ यांची जुंपली. आपले खापरपणजे लदेणीवाले, म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य लादून फौजांमागे फिरणारे, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. त्यांच्यापैकीच कुणीतरी येत असावं. पूर्वज येतात, ठीक आहे; पण जिंकून देऊन राह्यले तर हाकलायचं काहून? त्यांनी पटापाशी उदबत्ती लावली आणि दोन पेढे ठेवले. दुपारी पेढे नाहीसे झाले. बैल आणखी पुढे.

आठव्या दिवशी मात्र त्यांनी परीक्षा घ्यायची ठरवली. खोलीला कुलूप लावून फरशीवर पीठ पसरून ते ऑफिसला गेले. परत येऊन पाहतात तर पिठावर एक पाऊल नाही, कुलूप जसंच्या तसं, आणि बैल थेट निजामाच्या छावणीत पोचलेले.

नवव्या दिवशी त्यांनी रजा टाकली, ऑफिसला जातो असं घरी सांगितलं आणि टेबलाखाली जाऊन बसले.

बारा वाजले. बाहेर पान हलत नव्हतं. घाम नाकावरून पिठात टपकत होता. मग अगदी डोक्यावर आवाज आला, चक्... चक्... आणि पुठ्ठ्यावरून सोंगटी सरकली. नेमसिंगांनी देवाचं नाव घेतलं आणि हळूहळू डोकं टेबलाच्या कडेवर आणलं.

नाकापासून चार बोटांवर एक हात होता. नुसता हात. वाळलेला, हिरव्याकाळ्या गोंदणाचा, पडद्यातून निघालेला. त्याने बैल उचलला, अंगठ्याने त्याची पाठ थोपटली आणि खाली ठेवला.

नेमसिंग किंचाळले. हातही किंचाळला. नेमसिंग परत खाली दडायला गेले, टेबलाच्या कडेवर कपाळ आपटलं, टेबल उलटलं आणि दोनशे चौदा सोंगट्यांसकट निजाम, मराठे, तोफा, नदी सगळं पिठात कोसळलं.

उज्ज्वला धावत आली आणि तिने पडदा ओढला. खिडकीच्या गजांपलीकडे, अंगणातल्या निंबाच्या सावलीत, ओट्यावर काळा चष्मा घातलेल्या मानीबाई बसल्या होत्या.

"माय! तू इथं काय करून राह्यली?"

मानीबाईंनी ओढणी ओढली. मग, बावीस वर्षांत पहिल्यांदा, थेट जावयाशी बोलल्या.

"जावई, चार चार दिवसाच्या मजला बिनपाण्याचे हाकता तुमी बैल. नवा डोळा आला अन् पहिलं हेच दिसलं मले. लेकीच्या घरी मुकं जनावर तहानेनं मरते, मी पाहू कशी? माह्या बापानं कधी असे बैल हाकले नाईत."

(पाण्याचा नियम एकोणिसाव्या पानावर होता. पाटबंधारे खात्याच्या माणसाने तो वाचला नव्हता. मानीबाईंना अक्षरओळख नव्हती.)

"अन् पेढे?" उज्ज्वलाने कमरेवर हात ठेवून विचारलं. "तुले शुगर हाय नं?"

"ते जावयानंच ठेवले होते," मानीबाई म्हणाल्या.

कपाळावर टेंगूळ घेऊन नेमसिंगांनी विठ्ठलरावांना सगळं कबूल केलं. आता ते थट्टा करतील, अशी त्यांनी तयारी ठेवली होती. मास्तरांनी आधी फोनमधले जुने फोटो चाळले. मग म्हणाले, "आदल्या दिवसाचा फोटो हाय माह्यापाशी. त्यावरून मांड पट. पण खेळतील त्या. तू मधात येऊ नको."

तीन आठवड्यांनी निजाम जिंकला. मास्तरांनी नागपूरच्या स्पर्धेत नाव घातलं: मानीबाई जाधव, पुसद. नेमसिंगांनी नवा शर्ट इस्त्री केला आणि बायकोला म्हणाले, "सल्लागार म्हणून मीबी सोबत जातो."

उज्ज्वला आत विचारून आली.

"माय म्हणते, येऊ दे. डोळ्यात थेंब टाकाले कोणीतरी लागतेच."