कॅसियससाठी मिस्सा

आमच्या खालच्या मजल्यावरचे बस्त्यावकाका दरवर्षी चर्चमध्ये एका माणसाच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून मिस्सा, म्हणजे खास प्रार्थना, सांगतात. चिठ्ठीवर नाव लिहून देतात, फक्त 'कॅसियस'. दोन-तीन वर्षं कोणाला काही वाटलं नाही. मग नवे फादर आले आणि त्यांनी आपुलकीने विचारलं, "तुमचे कोण लागायचे हे?"

"कोणी नाही, फादर. रोमचा माणूस. सीझरला मारला ना, त्या कटातला."

फादरनी चिठ्ठी पुन्हा वाचली. मग हळूच म्हणाले, "पण तो तर ख्रिस्तजन्माच्या आधीच वारला!"

"मग त्यात त्याचा काय दोष?" काका म्हणाले.

फादरनी शेवटी त्याला 'ज्यांच्यासाठी प्रार्थना करणारं कोणी नाही' अशांच्या यादीत बसवलं. हे सगळं काकांनी मला जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या आणि चेहऱ्यावर खटला जिंकल्याचा आनंद.

बस्त्यावकाका मूळचे वसईचे. तीसेक वर्षं मस्कतमध्ये आहेत. मुलं मार्गी लागली, काकी वसईला परत गेल्या, आणि काका अल् घुब्रात दोन खोल्यांत एकटे राहतात. नोकरी मोटार विम्याच्या कंपनीत. ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि चूक कोणाची ते ठरवायचं. या कामामुळे माणूस संशयी होतो म्हणतात. काका संशयी झाले नाहीत, पण त्यांना एक प्रश्न चिकटला तो कायमचा. "रिपोर्ट कोणी लिहिला?"

क्रिकेटच्या पंचापासून माझ्या सासूबाईंपर्यंत कोणाबद्दलही काही सांगा, काका चष्मा कपाळावर सरकवून विचारणार, "ते ठीक आहे, पण रिपोर्ट कोणी लिहिला?" एकदा आमच्या घरी आमटी करपली. माझ्या नवऱ्याने काकांना सांगितलं की ही फोनवर बोलत बसली. काकांनी आधी पातेलं बघितलं, मग शेगडी बघितली आणि नवऱ्यालाच विचारलं, "तू स्वयंपाकघरातच होतास ना? मग गॅस तू का नाही बंद केलास?" त्या दिवसापासून ते माझे सख्खे काका झाले.

सीझरच्या खुनाची त्यांच्याकडे खरोखरची फाइल आहे, ऑफिसातल्यासारखी, पुठ्ठ्याची, वर नंबर घातलेली. "बाय, बघ," ते मला म्हणायचे, "कटात माणसं साठाच्या आसपास. सीझरच्या अंगावर वार किती? तेवीस. बाकीचे काय करत होते? सहीपुरते आले होते! आपल्या मराठी मंडळाच्या सभेला येतात ना, तसे."

पण त्यांचा खरा जीव अडकला होता तो कॅसियसमध्ये. ब्रूटस आणि कॅसियस, दोघे मेहुणे, दोघांनी मिळून कट केला, दोघांचे हात सारखेच रंगले. एका इटालियन कवीने दोघांनाही नरकाच्या तळाशी सैतानाच्या तोंडात कोंबलं. "तिथपर्यंत ठीक होतं," काका म्हणायचे, "सजा इक्वल होती." पुढे एका इंग्रज नाटकवाल्याने घोळ घातला. ब्रूटस झाला थोर मनाचा, देशासाठी मित्राचा बळी देणारा. कॅसियस झाला हडकुळा, जळका, कान भरणारा. "आता शाळेतलं पोर पण सांगतं, बिचारा ब्रूटस साधा होता, त्या कॅसियसने त्याला फूस लावली. अरे, ब्रूटस काय कुकुलं बाळ होतं? प्रेटर होता, प्रेटर! मोठा मॅजिस्ट्रेट!" हे सांगताना त्यांचा आवाज इतका चढायचा, की शेजारून कोणीतरी भिंत ठोकायचं.

मी यंदा आमच्या मंडळाची सांस्कृतिक सचिव झाले. महाराष्ट्र दिनाला अभिरूप न्यायालय घ्यायचं ठरलं आणि काकांनी मला जिन्यात गाठलं. "कॅसियसवर खटला लाव. मी वकील." विषय जरा लांबचा होता, पण त्यांचं तोंड बघून मी हो म्हटलं.

कमिटीच्या बैठकीत हे सांगताच शैलाताईंनी पुढचा विषय घेतला. शैलाताई मंडळाच्या सध्याच्या अध्यक्षा, इथे सर्वांत जुन्या. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुला माहीत नाही, तू नंतर आलीस. आपल्या दादासाहेबांना अध्यक्षपदावरून काढलं होतं. भर सभेत, अविश्वासाचा ठराव आणून. त्या यासीनचं काम. रत्नागिरीचा होता, भारी हुशार. बस्त्याव बिचारा साधा माणूस, त्याच्या नादी लागला. आम्ही त्याला केव्हाच माफ केलंय. पण उगाच जुनं उकरू नका."

दादासाहेब म्हणजे आमच्या हॉलमध्ये हार घातलेला फोटो आहे ते. अकरा वर्षं अध्यक्ष होते. ठरावानंतर पुण्याला परत गेले आणि वर्षभरात वारले. त्यांच्या नावाचा चषक दरवर्षी देतो आम्ही. यासीन मस्कत सोडून रुस्ताकला गेला, तिथल्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, त्याचं शिलाईच्या सामानाचं दुकान आहे. मंडळात त्याचं नाव कोणी काढत नाही.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घरी येऊन मी तडक खाली गेले आणि काकांना विचारलं, "तुम्ही ब्रूटस आहात ना?"

काका कांदा चिरत होते. सुरी खाली ठेवली. "दादासाहेबांना आजीव अध्यक्ष व्हायचं होतं," ते म्हणाले. "घटनेत बदल करत होते. माणूस चांगला होता, बाय. सीझर पण चांगलाच असणार. खुर्ची सोडेना, एवढंच. ठराव मी लिहिला. माझ्या अक्षरात. पण सभेत उभा राहिलो आणि माझा आवाज कापायला लागला. यासीनने माझ्या हातातून कागद घेतला आणि वाचला. लोकांना आवाज लक्षात राहतो."

"मग तुम्ही नंतर सांगितलं का नाही?"

"दादासाहेब गेले. सगळे यासीनला शिव्या घालायला लागले आणि मला म्हणाले, तू साधा, तू सज्जन." काकांनी डोळे पुसले, कांद्याच्या नावावर. "बरं वाटलं गं. चौदा वर्षं बरं वाटून घेतलं. आता त्या सगळ्यांसमोर सांगायचंय. आधी कॅसियसचं सांगीन, मग जमलं तर माझं."

"यासीनभाईंना बोलावलंत?"

"कोणत्या तोंडाने बोलवू?"

म्हणून मीच सचिव या नात्याने फोन केला. पलीकडून एक घोगरा आवाज सगळं ऐकून घेऊन "इन्शाल्ला" म्हणाला. इथे 'इन्शाल्ला'चा अर्थ, हो की नाही, आवाजावरून लावावा लागतो. मला तो लागला नाही.

महाराष्ट्र दिनाला अल खौदचा हॉल भरला होता. सरकारी वकील म्हणून आमचे एक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी कॅसियसला मत्सरी, कारस्थानी, मित्राला बिघडवणारा म्हणून सोलून काढला. टाळ्या पडल्या. मग काका उठले. अंगात कोट, हातात ती पुठ्ठ्याची फाइल. सुरुवातीला त्यांचा आवाज खरंच कापला.

पण गाडी रस्त्याला लागली आणि मग काय विचारता! तेवीस वारांचा हिशेब सांगून त्यांनी हॉल हसवला. कॅसियसच्या बाजूने लिहिणारा उरलाच नाही, जे जिंकले त्यांच्या लोकांनी कागद केले, हे त्यांनी डॉक्टरांकडूनच वदवून घेतलं. सीझरच्या जोडीला त्याचा साथीदार अँटनी यालाही मारा असं कॅसियस सांगत होता, ब्रूटसने ऐकलं नाही आणि त्यातच सगळ्यांचा घात झाला, हेही सांगितलं. "म्हणजे चुका ब्रूटसच्या आणि बदनामी कॅसियसची!" शेवटी ते अँटनीच्या फौजेशी झालेल्या लढाईवर आले. कॅसियसची नजर अधू होती. लांबून आपलेच घोडेस्वार येत होते, त्याला वाटलं शत्रू आले, सगळं संपलं. त्याने जीव दिला. ब्रूटस नंतर आला आणि त्याच्या मढ्यापाशी रडला. म्हणाला, असा रोमन पुन्हा होणार नाही.

"मढ्यापाशी," काका पुन्हा म्हणाले, आणि फाइल मिटली.

हात वर करून मतदान झालं. कॅसियस दोषमुक्त! डॉक्टरांनीसुद्धा हात वर केला. पोरं शिट्ट्या मारत होती. उत्कृष्ट वक्त्याचा चषक अर्थात काकांना, आणि चषकाचं नाव दादासाहेब स्मृतिचषक. शैलाताई तो घेऊन पुढे आल्या तसे काका एक पाऊल मागे सरले.

"आधी ऐकून घ्या," त्यांनी माइक धरला. "दादासाहेबांविरुद्धचा ठराव माझा होता. मी लिहिला. यासीनने फक्त वाचला. तुम्ही चौदा वर्षं चुकीच्या माणसाला फितूर म्हणताय, आणि ते मला माहीत होतं."

शैलाताई चषक धरून तशाच उभ्या.

"खोटां बोलतोय!" मागून कोणीतरी ओरडलं.

शेवटच्या रांगेत एक पांढऱ्या दाढीचा किडकिडीत माणूस उभा राहिला होता. "लिवला त्याने. पण आयडिया माझी होती. पुऱ्या चौदा वर्षांत माझ्याकडे येवढी एकच गोष्ट हाय, ती पण हा घेऊन चालला! आम्ही काय चोरी केली? रूल सांगितला. दादासाहेबांचा मना पण वाईट वाटला. पण केला ते बरोबर केला."

आधी कोणीतरी एकट्याने टाळी वाजवली. मला वाटतं डॉक्टरांनी. मग सगळा हॉल उठला. शैलाताईंनी चषक टेबलावर ठेवला, मागपर्यंत चालत गेल्या आणि यासीनभाईंचा हात धरून त्यांना पुढे घेऊन आल्या. "माझंच चुकलं," त्या माइकवर म्हणाल्या. मी ढसाढसा रडत होते आणि टाळ्याही वाजवत होते.

जेवणाच्या वेळी दोघे कोपऱ्यातल्या टेबलावर बसले होते. मी जिलबी घेऊन गेले तेव्हा यासीनभाई हळू आवाजात म्हणत होते, "शिव्यांचा नाय रे काय. रुस्ताक किती लांब हाय? दीड तास. चौदा वर्षांत तुला दीड तास नाय भेटला?"

काका ताटाकडे बघत होते. "आलो होतो," ते म्हणाले. "गाड्या बघायला यावंच लागतं तिकडे. दुकानासमोर थांबायचो. तू आत बसलेला दिसायचास. मग गाडी वळवून परत यायचो."

"मना म्हाईत हाय," यासीनभाई म्हणाले. "पांढरी गाडी. दरवेळी मी दोन चाय सांगायचो."