सायकल हातात

विद्याधर टिपणिसांनी आठ वर्षं नंबर लावून स्कूटर मिळवली, तेव्हा त्यांच्या गोरेगावच्या सोसायटीत ती एकटीच होती. पुढं ते कोथिंबिरीलाही तिच्यावरूनच जात. चौऱ्याऐंशी सालापर्यंत आणखी सात स्कूटर आल्या आणि टिपणिसांची स्कूटर उभी करायची जागाच गेली. मग सेक्रेटरी या नात्यानं त्यांनी फळ्यावर खडूनं लिहिलं : 'बाजार, दूध, पोस्ट अशा जवळच्या कामांना सभासदांनी सायकल वापरावी.'

तळमजल्यावरचे चंद्रप्रकाश राणे बनियनवरच बाहेर आले. "झकास, साहेब! उद्या भाजीला पहिले तुम्हीच निघा."

"अर्थात! शाळेत रोज सहा मैल सायकल मारायचो मी."

घरात पद्मजाबाईंनी शांतपणे विचारलं, "अहो, पण तुम्हाला सायकल येते कुठं?"

टिपणीस मटकन खुर्चीत बसले. महिन्यानं वार्षिक सभा होती. फाटकात आपटले असते, तर सेक्रेटरीपदही तिथंच आपटलं असतं.

सकाळी भाड्याची सायकल आली. बघायला झाडून सगळी सोसायटी हजर. टिपणिसांनी पँटला क्लिप लावली, टायर दाबले, घंटी वाजवली, हँडलला पिशवी अडकवली आणि सायकल हातात धरून गंभीरपणे चालू लागले.

"साहेब, बसा की!"

"गर्दीत जबाबदार माणूस सायकल हातात धरतो, राणे."

"आणि येताना?"

"येताना टोमॅटो असतात."

दुसऱ्या दिवशी राणेही मेव्हण्याची सायकल हातात धरून निघाले. त्यांनाही ती येत नव्हती, पण विचारतो कोण? पंधरवड्यात अकरा सभासद अकरा सायकली चालवत, म्हणजे पायी चालवत, बाजाराला जाऊ लागले. बेस्टची बस त्यांच्यासाठी थांबू लागली. एका स्कूटरच्या सीटवर कबुतरानं अंडी घातली. टिपणिसांची पँट दोन इंच सैल झाली.

"मग सायकल घरी ठेवून नुसतं चालत का नाही जात?" नव्यानं राहायला आलेल्या नंदकुमारनं विचारलं.

"येडा काय रे तू?" राणे म्हणाले. "स्कूटरवाला माणूस चालत गेला तर लोक काय म्हणतील?"

सभेच्या दिवशी गच्चीवर सगळे जमले. टिपणिसांचं नाव पुन्हा सुचवायचं तेवढं बाकी होतं, तोच चहाचं दूध नासलं.

"साहेब, पाच मिनिटांत सायकलवरून जाऊन या ना! आता काही गर्दी नाही, आणि टोमॅटोही नाहीत," राणे म्हणाले.

टिपणीस खिशात पँटची क्लिप शोधू लागले. तेवढ्यात पद्मजाबाई उठल्या, पदर खोचला आणि खाली गेल्या. सगळे कठड्याशी धावले. बाईंनी पेडलवर पाय ठेवला, टांग टाकली आणि वळणावरून दिसेनाशा झाल्या. चार मिनिटांत दुधाच्या बाटल्या घेऊन परत!

"तू कधी बोलली नाहीस!" टिपणीस पुटपुटले.

"तुम्ही कधी विचारलंत?"

राणे उभे राहिले. "सेक्रेटरी म्हणून मी वहिनींचं नाव सुचवतो." अकरा हात ताबडतोब वर गेले. मग हळूच बारावा.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवं अक्षर होतं : 'उद्या सकाळी सहा वाजता मागच्या मैदानात सभासदांना सायकल शिकवली जाईल. पहिला नंबर वि. टिपणीस. या वेळी आठ वर्षं थांबावं लागणार नाही. मागून धरायला मी आहे.'