गच्चीवरची चार झाडं आणि साडू

"यंदा माझी झाडं मी सांगितल्याशिवाय फुलणार नाहीत!" विस्तीनने बारमध्ये छातीठोकपणे सांगून टाकलं.

त्याला कारणही तसंच होतं. गेल्या एप्रिलात घरातल्या दिव्याखाली वाढवलेली गांजाची रोपं त्याने गच्चीवर नेली आणि बाहेरचा छोटा दिवस बघून ती वीतभर उंचीतच फुलून बसली. समोर राहणारा साडू साल्वू वर्षभर हसत होता. "कोटाच्या बटणाला लावायला बरी आहेत रे!"

यंदा उपाय सोपा होता. दिवस मोठे होईपर्यंत रोज संध्याकाळी दिवा लावायचा, म्हणजे झाडांना वाटतं उन्हाळाच आला. माल्टात कायद्याने घरटी चार झाडांना मुभा आहे, फक्त ती रस्त्यावरून दिसता कामा नयेत. म्हणून त्याने भोवती बायकोच्या, जेम्माच्या, पांढऱ्या चादरी बांधल्या. जेम्मा लाल बँड क्लबच्या महिला समितीची चिटणीस आणि साल्वू निळ्या क्लबचा रोषणाईप्रमुख! एकाच गावात जत्रा भरवणारे दोन वाजंत्री क्लब, त्यांचे दोन संत, दोन जत्रा आणि पिढीजात वैर. चौथ्याच दिवशी साल्वू दारात हजर!

"चादरीमागे काय बांधताय?"

"झाडं आहेत."

"झाडांना दिवा लागतो? अंगाईपण म्हणतोस का?"

"अरे, लवकर फुलू नयेत म्हणून..."

"मला शिकवू नकोस! लालांच्या जत्रेची रोषणाईची नवी कमान आहे ती. चार खांबांची सावली दिसते मला!"

"वर येऊन बघ ना!"

"लालवाल्यांच्या गच्चीवर मी? मेलो तरी नाही!"

आठवड्याभरात समोरच्या निळ्या क्लबवर भलामोठा झोतदिवा बसला, तोंड थेट विस्तीनच्या गच्चीकडे. जूनमध्ये विस्तीनने आपला दिवा काढला. झोत मात्र रोज मध्यरात्रीपर्यंत चालूच! "आधी तुमची कमान दाखवा," साल्वू म्हणे. दोन्ही जत्रा झाल्या, तरी हा हटेना. "पुढच्या वर्षीसाठी राखून ठेवलीय, माहितीय मला!"

सप्टेंबरात झाडं दोन पुरुष उंच झाली. लांब काळोखी रात्र मिळाल्याशिवाय ती फुलत नाहीत, आणि झोत रात्र होऊच देईना. पानंच पानं, फूल औषधालाही नाही! माल्टातला पावसाळा उन्हाळा सरल्यावर येतो, तोही तोंडावर आला. आता फुलली नाहीत तर वर्षाची मेहनत कुजणार. शेवटी लग्नानंतरच्या बत्तीस वर्षांत पहिल्यांदा विस्तीन निळ्या क्लबात शिरला.

"साल्वू, झोत बंद कर रे बाबा. पाया पडतो."

"करतो की. फक्त म्हण, निळ्यांच्या रोषणाईपुढे लालांची म्हणजे मेणबत्ती."

आत पत्ते कुटणारे तीन म्हातारेच होते. विस्तीन पटकन म्हणाला. साल्वूला ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा, मोठ्याने म्हणाला. झोत विझला! विस्तीनचे डोळे भरून आले.

"आभारी आहे," साल्वूने टेबलाखालून माइक काढला. "गावभर छान ऐकू गेलं!"

जेम्माने दार उघडलंच नाही. वरून उशी आली, पायजमा आला, मग एकेक करून सगळ्या चादरी आल्या.

तीन आठवड्यांनी झाडं फुलली. साल्वूच्या गच्चीवरून ती अगदी स्पष्ट दिसायची. विस्तीन आता तिथेच राहत होता.

"अरेच्चा," साल्वू म्हणाला, "खरंच झाडं होती की रे!"